माघार घेणारा सेनानी
चार्ल्स द गॉल (१८९०-१९७०) म्हटले की १९४० साली लंडनहून लढा पुकारणारा फ्रेंच सेनानी आठवतो. मला मात्र माघार घेणारे द गॉल अधिक धाडसी वाटतात. अल्जीरियातील सैन्याच्या बंडामुळेच १९५८ साली ते सत्तेवर आले, आणि तेच युद्ध त्यांनी आवरते घेतले! रणांगणावर पराभव नसताना माघार, हा सेनाधिकाऱ्यांना विश्वासघात वाटला. एप्रिल १९६१ मध्ये चार निवृत्त सेनापतींनी अल्जीयर्स बळकावले. द गॉल गणवेश चढवून दूरचित्रवाणीवर आले. सक्तीच्या भरतीतल्या पोरांनी ते भाषण ट्रान्झिस्टरवर ऐकले, बंडवाल्यांना साथ दिली नाही. मार्च १९६२ मध्ये एव्हियाँचा करार झाला. ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला, ते बचावले. फ्रान्ससाठी लढलेले हजारो अल्जीरियन ‘हरकी’ मात्र मागेच राहिले आणि मारले गेले. त्याबद्दल द गॉल यांना मला माफ करवत नाही.