ब्राऊन-सेकार आणि तारुण्याची सुई

१ जून १८८९ रोजी पॅरिसमधील जीवशास्त्रज्ञांच्या सभेत ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलावयास उभे राहिले. कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला आणि गेलेली शक्ती परतली, असे त्यांनी सांगितले. जिना धावत चढता येतो, प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहता येते, हाताचा जोर ६ ते ७ किलोंनी वाढला, असा चोख हिशेबही त्यांनी मांडला. हा कोणी भोंदू वैदू असता तर प्रश्न नव्हता. पण वक्ते होते शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार!

मॉरिशसमधील पोर्ट लुई येथे १८१७ साली त्यांचा जन्म झाला. वडील अमेरिकन नाविक. मुलाचे तोंड पाहण्याआधीच ते समुद्रात बेपत्ता झाले. फ्रेंच आईने कष्टाने वाढविलेला हा मुलगा लेखक व्हावयाचे म्हणून पॅरिसला गेला आणि डॉक्टर झाला. मज्जारज्जू एका बाजूने छेदला गेल्यास त्याच बाजूची हालचाल जाते, वेदनेची जाणीव मात्र दुसऱ्या बाजूची नाहीशी होते, हा त्यांचा शोध आजही त्यांच्याच नावाने शिकविला जातो. अधिवृक्क ग्रंथी काढल्यास प्राणी जगत नाहीत, हे त्यांनी १८५६ मध्ये दाखविले. लंडन, हार्वर्ड असा प्रवास करून १८७८ मध्ये ते थोर क्लोद बर्नार यांच्या आसनावर बसले.

अशा माणसाने स्वतःवरच प्रयोग केला आणि निकालही स्वतःच दिला. तुलनेसाठी दुसरा कोणी नव्हता. अर्क त्यांनी डॉक्टरांना विनामूल्य पुरविला. बाजाराने मात्र त्यावर पैसा केला. वस्तुतः टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेम विरघळते आणि वृषणात त्याचा साठाही होत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तसाच अर्क पुन्हा बनविला. त्यात परिणाम होण्याइतके संप्रेरक नव्हतेच, असे त्यांनी २००२ मध्ये दाखविले. म्हाताऱ्याला जिना चढविला तो विश्वासाने.

तरीही ग्रंथी रक्तात काही सोडतात, ही त्यांची मूळ कल्पना खरी होती. १८९१ मध्ये थायरॉइडच्या अर्काने रुग्ण सुधारला. ब्राऊन-सेकार १८९४ मध्ये निवर्तले. टेस्टोस्टेरॉन बैलाच्या वृषणांतून वेगळे झाले ते १९३५ साली. पुढे अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन घटले की स्नायू व जोर कमी होतात, हे त्यात दिसले. मेद वाढतो तो मात्र मुख्यत्वे इस्ट्रोजेनच्या अभावी. स्त्रीचे म्हणून ओळखले जाणारे हे संप्रेरक पुरुषाचा देह टेस्टोस्टेरॉनपासूनच घडवितो.