विनातारण

१८९६ साल सरता सरता मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई बातम्या कानी येताच तिकडे निघाल्या. तीनशे मुली वाचवायच्या, असा त्यांचा निश्चय होता. हाताशी पैसा होता तो अमेरिकेतल्या स्नेह्यांनी सदनासाठी बांधून दिलेला. त्यात सदनाचाच खर्च जेमतेम भागे. शिवाय त्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर पहिला प्रश्न मी तारणाचाच विचारला असता. रमाबाईंपाशी दाखवण्यासारखे काही नव्हते. होता तो देवावरचा भरवसा. गंमत अशी की, 'तारण' हा शब्द आपल्या मराठीत दोन्हीकडे चालतो. नवापूरच्या शाखेत असताना मला हे प्रथम जाणवले. नवापूर तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. आठवडाभर शेतकरी जमिनीच्या तारणाचे बोलायला येत. त्यांतलेच काही, घरी मावची बोलणारे, रविवारी चर्चमध्ये मराठी भजने म्हणत. तिथे तारण म्हणजे देवाने केलेला उद्धार! रमाबाईंचे चरित्र वाचताना हे दोन्ही अर्थ माझ्या मनात एकत्र येतात.

देवावर विसंबणे ही गोष्ट रमाबाईंना सोपी नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने लेकीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. दुष्काळ आला तेव्हा होते नव्हते ते व्रतांत आणि दानधर्मात सरले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. देवावर भार टाकलेली माणसे अन्नावाचून मरताना या मुलीने डोळ्यांनी पाहिली. पुढे ती भावाबरोबर देशभर पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरात तान्ही मनोरमा होती आणि वय अवघे तेवीस.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवढ्याने मन निवांत झाले, असे मात्र नाही. जी बाई पुण्याच्या शास्त्र्यांपुढे वाकली नाही, ती इंग्रज धर्मगुरूंपुढेही वाकली नाही. प्रत्येक गोष्ट ती तपासून घेई, वाद घाली. धर्म बुद्धीला पटला होता. ख्रिस्त मात्र अजून जवळचा वाटत नव्हता. ती ओढ शमायला सुमारे आठ वर्षे जावी लागली.

पुढे जॉर्ज म्युलर यांची चरित्रकथा त्यांच्या वाचनात आली. इंग्लंडात ब्रिस्टल येथे या गृहस्थाने कुणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. असे आपल्या देशात का घडू नये, या विचाराने रमाबाईंना घेरले.

पण देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही. मदतीची मुदत संपायच्या आत सदनाला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून त्यांनी पुण्याजवळ केडगावला शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. झाडांना फळे धरण्याआधी दुष्काळ आला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. सरकार मुलींचा एवढा जमाव शहरात राहू देईना. मग केडगावचे ते माळरानच 'मुक्ती' झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, तिकडूनही मुली आल्या. १९०० च्या सुमारास आश्रमात जवळजवळ दोन हजार जीव जेवत होते. त्या मुली विणकाम, शिवणकाम शिकल्या, शेती करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाई मदतीसाठी प्रार्थना करीत आणि प्रार्थनेहून उठून विहीर खोदायला माणसे लावीत.

याची किंमतही पडली. सदनातल्या मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. विधवांच्या पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आणि मुलींना श्रद्धेचे दार बंद करणार नाही, ही रमाबाईंची भूमिकाही प्रामाणिक होती. ज्या समाजासाठी त्या झटल्या, त्यातला मोठा भाग त्यांना कायमचा दुरावला.

शेवटी एकच काम उरले होते. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पण २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतली मनोरमा गेली. कामाचा वारसा जिच्या हाती द्यायचा, तीच आधी गेली.

या ठिकाणी मी दर वेळी पुस्तक मिटून थांबतो. पूर्वी आईबाप गेले तेव्हा त्यांची श्रद्धा ढासळली होती. या खेपेला ढासळली नाही. मला वाटते, फरक इथेच आहे. बँक तारण घेते ते बुडीत भरून निघावे म्हणून. रमाबाईंनी देवाकडे मागितले ते ओझे वाहण्याचे बळ. काही बुडणारच नाही, अशी हमी त्यांनी मागितली नव्हती. ऐकू कमी येत होते, शरीर थकले होते, तरी बायबलाचे काम त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांनीच वाढवलेल्या मुलींच्या हातून छापले गेलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.