दीड डॉलरची शाळा : मेरी मॅक्लाउड बेथ्यून

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सेनापती उभा राहतो. मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या हाती ना तलवार होती, ना पद. त्या शिक्षिका होत्या. तरीही अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलींच्या काही पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि त्यांतून त्या देशाला पुढे शिक्षिका, परिचारिका आणि कार्यकर्त्या मिळाल्या.

साउथ कॅरोलिना राज्यातील मेझव्हिल गावाजवळ १० जुलै १८७५ रोजी मेरीचा जन्म झाला. सतरा भावंडांत ती पंधरावी. आईवडिलांचे अर्धे आयुष्य गुलामगिरीत गेले होते. यादवी युद्धानंतर ते मुक्त झाले, पण घरातील लहानमोठ्या सगळ्यांना कापूस वेचूनच पोट भरावे लागे. आई जुन्या मालकांकडे कामाला जाई, तेव्हा मेरीही कधी सोबत असे. एकदा तेथे तिने एक पुस्तक हातात घेतले. घरातील गोऱ्या मुलीने, तुला वाचता येत नाही, पुस्तक खाली ठेव, असे तिला सुनावले. गोऱ्या आणि काळ्या माणसांत खरा फरक वाचता येण्याचाच आहे, असे त्या लहान मुलीच्या मनाने घेतले.

पुढे गावात मिशनची शाळा निघाली. एमा विल्सन या कृष्णवर्णीय शिक्षिका तेथे शिकवीत. मेरी रोज कित्येक मैल पायी जाई आणि दिवसभर जे शिकली ते संध्याकाळी घरच्यांना शिकवी. विल्सनबाईंनी तिची हुशारी ओळखली. दूर कोलोरॅडोतील मेरी क्रिसमन या शिवणकाम करणाऱ्या बाईंना एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलायचा होता. त्यासाठी विल्सनबाईंनी मेरीचे नाव पुढे केले. या मदतीवर मेरी नॉर्थ कॅरोलिनातील स्कॉशिया सेमिनरीत शिकली. नंतर शिकागोच्या मूडी बायबल संस्थेत तिने धर्मशिक्षण घेतले. आफ्रिकेत जाऊन धर्मप्रचारक व्हायचे, हे तिचे स्वप्न होते. परंतु कृष्णवर्णीयांसाठी तेथे जागा नाही, असे मिशनच्या मंडळाने कळवले. ज्या धर्मसंस्थेवर तिचा विश्वास होता तिनेच दार लावून घेतले. हा घाव तिच्या मनात दीर्घकाळ राहिला, पण श्रद्धा ढळली नाही.

जॉर्जियातील ऑगस्टा येथे ल्युसी लेनी यांच्या शाळेत ती शिकवू लागली. लेनीबाईंचा स्वतःचा जन्म गुलामगिरीच्या काळातला. मुली घडल्या तर समाज घडेल, या निष्ठेने त्यांनी शाळा उभी केली होती. ज्या सेवेसाठी आफ्रिकेत जायचे होते, तिची गरज आपल्या दाराशीच आहे, हे मेरीला येथे उमगले. १८९८ मध्ये अल्बर्टस बेथ्यून यांच्याशी तिचा विवाह झाला आणि काही काळाने हे कुटुंब फ्लोरिडात आले.

३ ऑक्टोबर १९०४ रोजी डेटोना येथे बेथ्यूनबाईंनी स्वतःची शाळा सुरू केली. जवळ दीड डॉलर होता, वर्गात पाच मुली आणि बाईंचा लहान मुलगा. खोकी जोडून बाके केली. जळक्या लाकडांच्या पेन्सिली आणि एल्डरबेरीच्या रसाची शाई झाली. बाई आणि मुली रताळ्याच्या गोड पाय भाजून मजुरांना विकत. मुलींचे गायनपथक हॉटेलांत गाऊन देणग्या मिळवी. पुढे शाळेसाठी बाईंनी गावाचा उकिरडा असलेली जमीन घेतली. तिच्यावर १९०७ मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतीला त्यांनी श्रद्धेचेच नाव दिले, फेथ हॉल. त्याच वर्षी पती घर सोडून गेले. बाईंनी मुलगा आणि शाळा दोन्ही सांभाळले.

शाळेची दिनचर्या आपल्यासारख्यांना ओळखीची वाटेल. पहाटे साडेपाचला उठून बायबलचे वाचन, मग अभ्यास, शिवण, स्वयंपाक, शेती. दिवस संपे रात्री नऊला. शिकण्यासाठी आत यावे आणि सेवेसाठी बाहेर पडावे, हे शाळेचे ब्रीद होते. रविवारी दुपारच्या सभांना गोरे पाहुणेही येत. बाहेर सगळीकडे वर्णभेद असताना येथे मात्र ज्याला जेथे जागा मिळेल तेथे त्याने बसावे, असा बाईंचा नियम होता. श्रीमंत पाहुण्यांसमोर ताठ मानेने उभे राहायला मुली येथे शिकल्या.

एका विद्यार्थिनीला अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला मागच्या ओसरीवर ठेवले. बाईंनी १९११ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी रुग्णालय काढले आणि त्यातच परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला. बाईंनी लोकांना वाचायला शिकवले आणि मतदानाच्या करासाठी पैसे जमवले. मतदानाच्या आदल्या रात्री कू क्लक्स क्लानचे बुरखेधारी लोक शाळेवर चालून आले. बाई मागे हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मतदारांना घेऊन केंद्रावर गेल्या.

कुकमन संस्थेशी १९२३ मध्ये एकत्र येऊन ही शाळा पुढे बेथ्यून-कुकमन कॉलेज झाली. १९३५ मध्ये बाईंनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात त्यांनी तरुणांच्या प्रशिक्षणाचा विभाग सांभाळला.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली स्त्रियांचे सैन्यदल उभे राहिले. अधिकाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतील ४४० जागांपैकी ४० कृष्णवर्णीय मुलींसाठी होत्या. त्यांच्या निवडीत बाईंचा हात होता. छावणीतही त्यांना वेगळे बसवले जाई. बाई त्याविरुद्ध वरपर्यंत दाद मागत राहिल्या. या तुकडीतील चॅरिटी ॲडम्स यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये ६८८८ क्रमांकाच्या बटालियनचे नेतृत्व केले. आघाडीवरील सैनिकांच्या तुंबलेल्या टपालाचे सहा महिन्यांचे काम या बटालियनने तीन महिन्यांत उरकले.

१८ मे १९५५ रोजी बाईंचे निधन झाले. त्यांची समाधी कॉलेजच्या आवारातच आहे. मागे ठेवण्यासारखी संपत्ती नव्हती, म्हणून अखेरच्या लेखात त्यांनी आपल्या लोकांसाठी प्रेम, आशा, श्रद्धा आणि तरुणांविषयीची जबाबदारी हाच वारसा ठेवला. वॉशिंग्टनच्या संसदभवनात फ्लोरिडातर्फे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. २०२२ मध्ये त्या जागी या शिक्षिकेचा पुतळा बसला.

विल्सनबाईंनी एका मुलीचे नाव सुचवले नसते, तर यातले काहीच घडले नसते. आपल्या हाऊसमध्ये नवा ज्युनिअर येतो, तेव्हा त्याला कवायत शिकवणे हे आपले काम असतेच. त्याच्यात काय आहे ते ओळखून त्याचे नाव पुढे करणे, हेही सीनिअरचेच काम आहे.