मिशिगनच्या कोचसाठी ओहायोच्या स्टेडियममध्ये मौन का पाळलं गेलं?

१८ नोव्हेंबर २००६. अमेरिकेतलं कोलंबस शहर. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधलं हाडवैर. त्यात दोन्ही टीम देशात पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर. स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक, बहुतेक ओहायोचे. तरीही सामन्याआधी मौन पाळलं गेलं ते मिशिगनच्या माजी कोचसाठी. बो शेमबेकलर आदल्याच दिवशी, ७७ व्या वर्षी गेले होते.

खरंतर बो ओहायोचेच. १९२९ मध्ये तिथल्या बार्बर्टनला जन्म. कॉलेजात ते वूडी हेज यांच्या हाताखाली खेळले. पुढे हेज ओहायो स्टेटचे कोच झाले, तेव्हा बो तिथेच त्यांचे असिस्टंट होते.

१९६९ मध्ये बो मिशिगनचे कोच झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी गुरूच्या चॅम्पियन टीमला २४-१२ असं हरवलं. त्याच सीझनच्या शेवटी, रोझ बोलच्या आदल्या दिवशी त्यांना हार्ट अटॅक आला. तरी ते थांबले नाहीत. गुरू-चेल्याच्या दहा सामन्यांत बो ५ जिंकले, हेज ४, एक बरोबरीत सुटला. मिशिगनला त्यांनी २१ सीझनमध्ये १९४ विजय मिळवून दिले.

२०२१ मध्ये मात्र काही माजी खेळाडूंनी आरोप केला, की टीमच्या डॉक्टरकडून होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल सांगूनही बोंनी कानाडोळा केला. त्यामुळे आज त्यांच्याकडे सगळे एकाच नजरेनं बघत नाहीत.

त्या दिवशी कोलंबसनं मात्र आपल्याच मातीतल्या प्रतिस्पर्ध्याला निरोप दिला. मग सामना झाला. ओहायो स्टेटनं तो ४२-३९ असा जिंकला.