मुक्या जिवांचे कैवारी गाडगेबाबा

श्री संत गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात झाला. वडील लवकर वारल्याने आईसह लहानगा डेबू मूर्तिजापूरजवळ दापुऱ्यास मामांकडे आला व गुरे राखू लागला. कळपामागे पडलेले अशक्त वासरू गुराख्याच्या जिवाला घोर लावते. ते हंबरते, पण कुठे दुखते ते सांगू शकत नाही.

मुलीच्या बारशाला मटण-दारूची रूढ पंगत मोडून डेबूजींनी गोड जेवण घातले. १९०५ साली घर सोडले. खराटा हाती घेऊन गावोगाव कीर्तने केली व देवापुढील पशुबळीस विरोध केला. पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या, तसेच मूर्तिजापूरला गोरक्षण संस्था उभी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी ही ज्योत मालवली.

मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना बाबांची शिकवण विसरू नये. गोठ्यात हगवणीने मान टाकलेले वासरू असेल, तर त्याला कोरड्या जागी घ्यावे, अंगावर पोते घालावे, गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे आणि मगच काकडआरतीस यावे. देव तोवर थांबेल. वासरू थांबणार नाही.