इब्न बतूता : डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं

मध्ययुगीन हिंदुस्थानचा इतिहास शिकवताना आम्हाला एक नाव टाळताच येत नाही, ते म्हणजे इब्न बतूता. मोरोक्कोतल्या तांजियर शहरात, काझींच्या घराण्यात १३०४ साली त्यांचा जन्म झाला. १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते हजला निघाले. हजयात्रा झाली, पण मायदेशी परतायला तब्बल २४ वर्षं लागली.

१३३३ मध्ये ते सिंधू नदीपाशी पोहोचले. दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाला परदेशी आलिमांची मोठी कदर. त्याने त्यांना दिल्लीचं काझीपद दिलं. हे मालिकी, इथले लोक हनफी आणि भाषाही नीट येईना. म्हणून सुलतानाने मदतीला दोन नायब दिले. पुढे सुलतानाच्या मर्जीतून उतरलेल्या एका सूफी बुजुर्गांना भेटल्याबद्दल त्यांच्यावरच पहारा बसला. त्यातून जीव वाचला आणि त्याच सुलतानाने त्यांना आपला वकील म्हणून चीनला धाडलं.

या वाटेवर त्यांनी आपला महाराष्ट्र पाहिला. दौलताबादची द्राक्षं-डाळिंबं त्यांना आवडली. नंदुरबारचे मराठे कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात तरबेज असल्याचं त्यांनी नोंदवलं. त्यांचं जेवण म्हणजे भात, भाजी आणि तिळाचं तेल, हेसुद्धा लिहून ठेवलं. असा तपशील दरबारी तवारीखमध्ये सहसा सापडत नाही.

कालिकतला वादळात जहाज फुटलं, सुलतानाने पाठवलेला नजराणा बुडाला. दिल्लीला परतायची हिंमत झाली नाही. मालदीवमध्ये काही काळ काझी राहून ते पुढे गेले. अखेर १३५५ मध्ये, मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकुमावरून, त्यांनी सांगितलेला सफरनामा इब्न जुझय्य यांनी फेज शहरात लिहून पूर्ण केला. तुघलकाची पकड तिथवर नव्हती, म्हणून त्याची दानत आणि त्याची क्रूरता दोन्ही त्यात बेधडक आली. १३६८-६९ च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला.

पण हा सफरनामा जसाच्या तसा खरा मानायचा का? तो बराचसा आठवणीतून सांगितलेला आहे. दमास्कसच्या वर्णनाचा काही भाग तर आधीचे प्रवासी इब्न जुबैर यांच्या ग्रंथातून घेतलेला आहे. दिल्ली रिकामी करताना एका अंध माणसाला दौलताबादपर्यंत फरफटत नेलं आणि त्याचा फक्त पाय पोहोचला, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. मात्र ते स्थलांतर इब्न बतूता येण्याच्या काही वर्षं आधीचं. म्हणजे ही ऐकीव गोष्ट. काझीपद, पहारा आणि नंदुरबारचं जेवण मात्र त्यांचा स्वतःचा अनुभव.

हल्ली मोबाइलवर अशा प्रवाशांची एखादी ओळ येते आणि तेवढ्यावर अख्ख्या समाजाला गुन्हेगार किंवा फरिश्ता ठरवलं जातं. आपल्या मुलांना आपण दोन प्रश्न शिकवूया : हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं होतं का? आणि लिहिताना तो कोणाच्या दरबारात बसला होता?