शिक्षक घडवणारे कर्मवीर

[ कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, हे सर्वांना माहीत आहे. त्या शाळांसाठी शिक्षक कुठून आले? हे शिक्षक तयार करण्यासाठी भाऊरावांनी काय केले, ते या पाठात सांगितले आहे. ]

शिरूर हे घोडनदीच्या काठी वसलेले गाव आहे. दौंड भीमा नदीच्या काठी आहे. ते रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पुणे जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत तुम्ही फिरलात, तर गावोगावी शाळा दिसतात. सकाळी घंटा होते. मुले मैदानावर रांगेत उभी राहतात. कवायत होते. मग वर्गात भाषेचा तास सुरू होतो. हे सारे आपण रोज पाहतो, म्हणून त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही.

पण कवायत घेणारे आणि भाषा शिकवणारे हे शिक्षक कसे तयार होतात? ते आधी स्वतः विद्यार्थी होतात. अध्यापक विद्यालयात किंवा अध्यापक महाविद्यालयात जातात. पाठाचे टाचण कसे काढावे, कठीण शब्द कसा समजावून सांगावा, फळ्यावर सुवाच्य कसे लिहावे, मुलांकडून व्यायाम कसा करून घ्यावा, हे सर्व तिथे शिकतात. खऱ्या वर्गात जाऊन सरावपाठ घेतात. मगच ते आपल्यासमोर उभे राहतात.

शंभर वर्षांपूर्वी खेड्यांत अशी सोय नव्हती. अनेक गावांत शाळाच नव्हती. जिथे शाळा काढावी, तिथे शिकवायला माणूस मिळत नसे. पुणे जिल्ह्याला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात एका माणसाने ही अडचण ओळखली आणि ती दूर करण्यासाठी आपले सारे आयुष्य खर्च केले. त्यांचे नाव भाऊराव पायगौंडा पाटील. लोक त्यांना आदराने कर्मवीर म्हणतात.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे जैन शेतकऱ्याचे होते. वडील महसूल खात्यात नोकरी करत. लहानपणापासून भाऊरावांना अन्याय सहन होत नसे. त्या काळी दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नसत. तहानलेली माणसे विहिरीजवळ ताटकळत उभी असलेली पाहून भाऊरावांना राग आला. त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले आणि जैन मुलांच्या वसतिगृहात राहू लागले. अभ्यासापेक्षा त्यांचे मन तालमीत अधिक रमे. कुस्ती आणि पोहणे हे त्यांचे आवडीचे व्यायाम होते. त्यांचे शरीर पिळदार झाले. एकदा ते दलित मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर त्यांनी आंघोळ करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. महाराज सर्व जातिधर्मांच्या मुलांच्या शिक्षणासाठी झटत होते. त्यांचे काम भाऊरावांना जवळून पाहायला मिळाले.

भाऊराव इंग्रजी सहावीपर्यंत शिकले. ते मॅट्रिक होऊ शकले नाहीत. पुढे याच माणसाने शिक्षकांना शिकवणारी विद्यालये काढली!

शाळा सोडल्यावर त्यांनी साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या. नंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते झाले. नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडत. शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसत, त्यांची भाकरी खात. तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. शेतकऱ्याची मुले हुशार होती. पण जवळ शाळा नव्हती, आणि शहरात राहून शिकण्याइतका पैसा घरात नव्हता. चांगल्या नांगराने शेत सुधारेल, पण शेतकरी सुधारायचा असेल तर त्याच्या मुलाला शिकवले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो अरबी-फारसीतून मराठीत आला आणि उर्दूतही आहे. रयत म्हणजे प्रजा, सामान्य जनता. सामान्य जनतेची संस्था, असा या नावाचा अर्थ.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथे भाऊरावांनी वसतिगृह काढले. त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला बसून जेवत. त्या काळी ही मोठी धाडसाची गोष्ट होती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांची आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या दुःखाला पार नव्हता, पण वसतिगृहाचे काम थांबले नाही. १९३२ साली पुण्यातही युनियन बोर्डिंग हे वसतिगृह सुरू झाले.

मुले शिकू लागली. आता गावोगाव शाळा काढायच्या होत्या. पण शिकवणार कोण? शहरातला शिक्षक खेड्यात टिकत नसे. पावसाळ्यात चिखलाची वाट, रात्री कंदिलाचा उजेड, दुकान नाही, दवाखाना नाही. शिवाय त्याची भाषा मुलांना परकी वाटे. पुस्तकातली मराठी वेगळी आणि मुलांच्या घरची बोली वेगळी. मुलाच्या बोलीला हसणारा शिक्षक त्याला पुस्तकाच्या भाषेपर्यंत कसा नेणार? तुम्हीही मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकता. शिक्षकाने हसून गप्प केले तर शब्द तोंडातच राहतात. धीर दिला तर ते बाहेर येतात. याचा अनुभव तुम्हांला असेल.

भाऊरावांनी ठरवले, खेड्यातल्या तरुणांनाच शिक्षक करायचे. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पुढे ते महात्मा फुले अध्यापक विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. इथे तयार झालेला शिक्षक खेड्यातच वाढलेला असे. चिखलाची वाट त्याच्या सवयीची होती. मुलांची बोली त्याची स्वतःची बोली होती.

शरीराचे शिक्षण भाऊराव विसरले नाहीत. ते स्वतः तालमीत घडलेले होते. पण त्यांनी व्यायामाला श्रमाची जोड दिली. रयतच्या संस्थांत विद्यार्थी शेतात राबत, खडी फोडत, इमारतींच्या बांधकामाला हात लावत. त्या कामाच्या मोबदल्यात त्यांचे शिक्षण होई. याला कमवा आणि शिका योजना म्हणतात. ज्या तरुणाने हातात कुदळ धरली आहे, तो शेतकऱ्याच्या मुलाला कमी लेखणार नाही. त्याचे शरीर कणखर होते आणि मनातली श्रमाची लाजही जाते.

यानंतर भाऊरावांनी ज्या गावांत शाळा नव्हत्या, तिथे व्हॉलंटरी शाळा काढल्या. कुठे देवळात, कुठे चावडीत, तर कुठे झाडाखाली वर्ग भरे. अशा पाचशेहून अधिक शाळा सुरू झाल्या. बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक असे. अक्षरे गिरवून घेणारा तोच, हिशेब शिकवणारा तोच आणि कवायत घेणाराही तोच.

१९४८ साली महात्मा गांधींची हत्या झाली. भाऊरावांना फार मोठा धक्का बसला. गांधीजींच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा त्यांनी संकल्प केला. पण त्याच सुमारास त्यांच्या एका भाषणातील टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. शिक्षकांचे पगार द्यायचे कसे, मुलांना जेवू घालायचे कसे, असा प्रश्न उभा राहिला. भाऊराव लोकांकडे गेले. कुणी धान्य दिले, कुणी पैसे दिले. संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला जे महाविद्यालय निघाले, त्याला भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले.

माध्यमिक शाळा वाढल्या, तसा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. शिकवणार कोण? हायस्कूलसाठी पदवीधर आणि शिकवण्याचे शिक्षण घेतलेले शिक्षक हवे होते. म्हणून १९५५ साली भाऊरावांनी साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी अध्यापक महाविद्यालय काढले. त्याला त्यांनी मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव दिले.

मौलाना आझाद भाऊरावांपेक्षा एकच वर्षाने लहान होते. ते उर्दूचे थोर लेखक होते. त्यांचे अल्-हिलाल हे साप्ताहिक देशभर गाजले होते. १९४७ पासून १९५८ साली निधन होईपर्यंत ते भारताचे शिक्षणमंत्री होते. आता दरवर्षी ११ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा होतो. मराठी मुलखातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षक करणारे महाविद्यालय एका उर्दू लेखकाच्या नावाने उभे राहिले. विद्येला जात, धर्म आणि भाषा यांच्या भिंती नसतात, हे भाऊरावांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. पुणे विद्यापीठाने, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने, त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाचा हा केवढा गौरव! त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेची शंभरहून अधिक हायस्कुले आणि शिक्षक तयार करणारी सहा विद्यालये उभी होती. गांधीजींच्या स्मरणार्थ केलेला संकल्प पूर्ण झाला होता.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या फांद्यांतून पारंब्या निघतात, त्या जमिनीत रुजतात आणि स्वतः खोड होऊन झाडाला आधार देतात. भाऊरावांनी तयार केलेले शिक्षक अशाच पारंब्या होते. उद्या सकाळी मैदानावर कवायत घेणारे तुमचे शिक्षक पाहाल, तेव्हा त्यांनीही कधीतरी बाकावर बसून हे सारे शिकून घेतले आहे, याची आठवण ठेवा. तुमच्यापैकी कुणाला शिक्षक व्हावेसे वाटत असेल, तर ही वाट तुमच्यासाठीही मोकळी आहे.

शब्दार्थ

टाचण – पाठ कसा शिकवायचा याची आधी लिहून काढलेली टिपणे
सुवाच्य – सहज वाचता येईल असे
रहाट – विहिरीतून पाणी काढण्याचे चाक
तालीम – कुस्ती व व्यायाम करण्याची जागा
ओसरी – घराच्या पुढच्या बाजूची बसण्याची जागा
चावडी – गावाच्या कामकाजाची जागा
अनुदान – सरकारकडून मिळणारी पैशांची मदत
संकल्प – मनाशी केलेला पक्का निश्चय
पारंबी – वडाच्या फांदीपासून खाली येणारे मूळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे झाली?
(आ) भाऊरावांना कोल्हापूरचे वसतिगृह का सोडावे लागले?
(इ) लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी काय केले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) शहरातला शिक्षक खेड्यात का टिकत नसे?
(आ) कमवा आणि शिका योजनेने विद्यार्थ्यांचा काय फायदा झाला?

३. रयत, किताब, तालीम, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत आणि उर्दूत त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.

४. तुमच्या आवडत्या शिक्षकांना भेटा. ते शिक्षक कसे झाले, हे विचारून दहा ओळी लिहा.